उंदीर वात नेईल: शिवछत्रपतींच्या पत्रांतून स्वतःची घडी बसवायची कशी

शिवजयंतीच्या आठवड्यात महाराजांच्या नावाचे जे सुविचार मोबाइलवर फिरतात, त्यांतले बहुतेक वाचून बाजूला ठेवावेत. ते कोणाला सांगितले, कधी सांगितले, कोणत्या कामासाठी, यातलं काहीच तिथे नसतं. महाराजांच्या पत्रांत हे तिन्ही असतं. समोर एक अडचण असते, पुढे एक माणूस असतो आणि त्याने काय करायचं ते लिहिलेलं असतं. शिकायचं तर तिथून. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांच्या मागे आहे, आणि मोडी येत नसलं तरी बरीच पत्रं बाळबोधात छापलेली मिळतात.

इथे दोन पत्रं आणि एक तह घेतला आहे. उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर आहे पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षा करणारा मुलगा किंवा मुलगी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत, रीत तीच.

कोठीत आहे ते पावसाळाभर पुरवायचं

पहिलं पत्र राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं. लष्कराचा मुक्काम तिथे पडला होता, त्यामुळे दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला साठा बराचसा आधीच खर्ची पडला होता. वैशाखाचे वीस दिवस पागा, म्हणजे घोड्यांचं पथक, बसून खात राहिली. मग कारकुनांकडून आणि गडागडांवरून धान्य गोळा करून कशीबशी बेगमी केली. महाराज लिहितात त्याचा मतलब असा: आत्ता आहे तोवर हवं तसं चाराल, संपल्यावर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल.

साठा आधीच कमी झालेला आहे आणि पुढचे चार महिने नवा येणार नाही, अशा वेळेचं हे पत्र आहे. बहुतेकांची परिस्थिती हीच असते, म्हणून ते उपयोगी पडतं.

करायचं असं. आधी तुमचा पावसाळा कधी संपतो ती तारीख लिहा: परीक्षा, कर्जाचा शेवटचा हप्ता, प्रकल्प सोपवायचा दिवस. आजपासून तिथपर्यंतचे दिवस मोजा. मग कोठी मोजा, पण हातात आहे तेवढीच. घरून येतील असे पैसे, मिळेल अशी शिकवणी, भावाने कबूल केलेली मदत, यांतलं काहीही धरायचं नाही.

समजा हातात ७२,००० रुपये आहेत आणि १८० दिवस काढायचे आहेत. खोली आणि अभ्यासिका मिळून महिन्याला ७,००० जात असतील तर सहा महिन्यांचे ४२,००० आधीच बाजूला. उरले ३०,०००. त्यातला दहावा भाग, म्हणजे ३,०००, आजारपण आणि अचानक गावी जाणं यासाठी वेगळा. राहिलेले २७,००० भागिले १८०: दिवसाला १५० रुपये. मेस, चहा, झेरॉक्स, बस, सगळं यात बसायला हवं. बसत नसेल तर ते आज कळलं हे बरं झालं. चौथ्या महिन्यात कळून उपयोग नसतो.

आता पत्रातला कारकून. महाराजांनी बजावलं आहे की कारकून देतील तेवढंच घ्या, त्यांच्याशी धुसफूस करू नका, कोठारात शिरू नका. आपल्या बाबतीत कोठार आपलं आणि कारकूनही आपणच, तिथेच घोळ होतो. त्यावर साधा उपाय: दोन खाती ठेवा. मोठं खातं यूपीआयला जोडायचं नाही. दर रविवारी सकाळी त्यातून १,०५० रुपये छोट्या खात्यात टाकायचे आणि मोबाइलवरून फक्त तेच वापरायचं. शुक्रवारी पैसे संपले तर शनिवार खिचडीवर काढायचा. पुढच्या रविवारचे पैसे आगाऊ एकदा घेतले की कारकुनाचा शब्द कायमचा गेला.

वेळेचा हिशेबही असाच. आधी सात दिवस फक्त नोंद करा, सुधारणा काही करू नका. अभ्यासिकेत किती तास होता हे लिहायचं नाही, पुस्तक उघडं असून मन जागेवर होतं ते तास लिहायचे. दहा तास बसणाऱ्याचे साडेपाच निघाले तर दचकू नका, तुमचा शिधा साडेपाच तास आहे. तेवढ्यावर दोन आठवडे चालवा. चौदापैकी बारा दिवस जमलं तर अर्धा तास वाढवा, नाही जमलं तर आहे तिथेच थांबा. या गतीने बारा आठवड्यांत साडेआठ तासांपर्यंत जाता येतं.

एवढं हळू का जायचं, तेही पत्रातच आहे. उपास न पडता रोजच्या रोज खायला मिळावं आणि होत होत घोडी ‘तवाना’ व्हावीत, म्हणजे अंगाने भरावीत, असं त्यात म्हटलं आहे. काटकसर म्हणजे उपासमार असा अर्थ महाराज घेत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात चौदा तास रेटायचं, सोळाव्या दिवशी ताप आणि मग आठवडाभर वेब सिरीज, याला पत्रातला शब्द ‘धुंदी’. पेठांमध्ये दर जून महिन्यात ती बघायला मिळते.

आणि तिसऱ्याच्या जिवावर आपली तूट भरायची नाही. रयतेला काडीचा आजार देऊ नका, लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा, असं सैन्याला स्पष्ट सांगितलं आहे. खोलीतल्या जोडीदाराचं दूध, मैत्रिणीच्या नोट्स परत न करणं, आईला दर महिन्याला ‘या वेळी थोडे जास्त पाठव’ म्हणणं, हे सगळं त्यात आलं.

रात्रीची फेरी

याच पत्राचा शेवटचा भाग आगीबद्दल आहे आणि तो मुद्दाम दोनदा वाचावा असा आहे. कोणी शेकोटी पेटवेल, कोणी भलत्याच जागी चूल मांडेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल. रात्री घरात दिवा असेल आणि अवचित उंदीर वात नेईल. गवताच्या एका गंजीला ठिणगी लागली तर सगळं गवत जाईल, मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी एक लाकूड परत मिळणार नाही. म्हणून जे प्रमुख आहेत त्यांनी स्वतः फिरत राहावं.

राज्याभिषेकाच्या आसपास, डोक्यावर तेवढं ओझं असताना, राजा उंदराचा विचार करतो आहे. पण हा बारीकसारीक गोष्टींत नाक खुपसण्याचा प्रकार नाही. घोड्याला खरारा कसा करावा यावर पत्रात एक ओळ नाही. एकदा गेली की परत न येणारी गोष्ट कोणती, फक्त त्यावर नजर आहे.

तुमची गंजी कोणती ते असं काढा. कोरा कागद घ्या आणि लिहा: ‘हे एक गेलं तर सहा महिन्यांची मेहनत जाते.’ अशा पाचच गोष्टी. अभ्यास करणाऱ्याच्या यादीत साधारणपणे या येतात:

– अर्ज भरायची शेवटची तारीख आणि फी भरल्याची पावती
– मुदत असलेली कागदपत्रं, विशेषतः आरक्षणासाठी लागणारं नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र. ती संपल्याचं नेमकं कागदपत्रं तपासायच्या दिवशी लक्षात येतं
– नोट्सची एकुलती एक वही किंवा एकच पेनड्राइव्ह
– झोप. सलग तीन रात्री पाच तासांखाली गेली की खूण करायची
– मोठ्या खात्यातली शिल्लक

रोज रात्री दिवा मालवण्याआधी दहा मिनिटं या पाचांवरून फिरायचं. प्रत्येकापुढे ‘ठीक’ किंवा ‘उद्या सकाळी अमुक’ असं लिहायचं. ‘बघू’ हा शब्द वहीत आला तर ती फेरी झाली नाही असं धरा.

फेरी बंद का पडते, तर दोन कारणांनी. पहिलं, यादी फुगते. पाचाच्या बारा होतात, पाणी प्यायलो का, चाललो का, हेही त्यात घुसतं आणि पंधरा दिवसांत वही उशाखाली जाते. पाणी चांगलंच, पण त्याने गंजी पेटत नाही. दुसरं, ती ॲपवर सोपवली जाते. ॲप घंटी वाजवतं, बोट ती बंद करतं, डोळे काहीच बघत नाहीत. ‘खासे’, म्हणजे प्रमुख लोकांनी स्वतः फिरावं असं पत्रात आहे ते यासाठीच. आणि वारं सुटलेलं असताना जास्त लक्ष द्यायचं: गणपतीचे दहा दिवस, निकालाचा आठवडा, घरातलं लग्न.

पुरंदरचं पान

१६६५ च्या जूनमध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. महाराजांनी वर्षाला चार लाख होन (त्या काळचं सोन्याचं नाणं) उत्पन्नाच्या मुलखासह २३ किल्ले दिले आणि एक लाख होनांच्या मुलखासह १२ ठेवले. दिलेल्यांत पुरंदर होता, कोंढाणा होता, लोहगड होता. ठेवलेल्यांत राजगड, तोरणा, रायगड. कोंढाणा १६७० च्या फेब्रुवारीत परत आला, पुरंदर मार्चमध्ये. मधल्या काळात आग्र्याचं प्रकरण झालं, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं बहुतेक शांततेत, राज्याची घडी बसवण्यात गेली.

व्याख्यानांत हा तह घाईघाईने उरकतात, कारण टाळ्या आग्र्याला मिळतात. पण हातातलं सगळं धरून ठेवणं अशक्य होतं तेव्हा काय करायचं, याचा याहून स्वच्छ नमुना नाही.

पानाच्या वरच्या बाजूला आपण धरून ठेवलेलं सगळं लिहा: विषय, क्लास, दुसरी परीक्षा, ढोल-ताशा पथक, जिम, शिकवणी, मित्रांचे ग्रुप. पस्तीस होत नाहीत, वीसेक होतात. त्यातल्या दोन तृतीयांशांवर काट मारायची आहे. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण तहातलं प्रमाणही साधारण तेच होतं.

काय ठेवायचं त्याची कसोटी एकच: बाकीचं परत मिळवायला कशाची गरज लागेल? राजगड हातात राहिला तर तिथून कोंढाण्याकडे जाता येतं. इथे पुणेकरांची एक हमखास चूक होते. सिंहगड शहरातल्या गच्चीवरून दिसतो, राजगड दिसत नाही. जे लोकांना दिसतं ते सोडवत नाही: पथकातली जागा, ‘मी दोन्ही परीक्षा देतोय’ हे वाक्य, महागड्या क्लासचं ओळखपत्र. आणि झोप, मूळ पुस्तकांचं वाचन, घरच्यांशी आठवड्याचा एक निवांत फोन, हे न दिसणारं मुकाट सोडलं जातं. तसं झालं असेल तर पान उलटं भरलं आहे, परत करा.

सोडायचं तेही किल्ला सोपवावा तसं. तारीख ठरवायची, संबंधित माणसाला सांगायचं, किल्ल्या द्यायच्या. ग्रुपमध्ये राहून फक्त आवाज बंद केला तर तो किल्ला तुमच्याकडेही नाही आणि दिलेलाही नाही. शिबंदीचा, म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेचा, खर्च मात्र चालू. परत घ्यायचं असेल तर कधी, तेही लिहून ठेवा, आणि त्या तारखेपर्यंत त्याबद्दल रोज चर्चा करू नका.

सल्ला नको, बैल द्या

दुसरं पत्र ५ सप्टेंबर १६७६ चं, कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना. गावोगाव स्वतः फिरा, कुणबी गोळा करा, कोणाकडे माणूसबळ, बैल आणि दाणे आहेत ते बघा. ज्याच्याकडे अंगबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैल घेऊन द्या, खायला खंडी-दोन खंडी धान्य द्या. वसुली व्याज न लावता, फक्त मुद्दल, तीही त्याच्या ‘तवानगी’प्रमाणे हळूहळू. यासाठी दोन लाख लारी (त्या काळचं चांदीचं नाणं) खर्च पडला तरी चालेल, असंही त्यात आहे.

कोणाला हात द्यायचा असेल, गावाकडून आलेला धाकटा भाऊ असो की टीममधला नवा मुलगा, तर हाच क्रम. आधी त्याच्या खोलीवर किंवा त्याच्या टेबलाशी जाऊन बसा, एकदा नाही, दोनदा. त्याच्याकडे काय आहे ते आधी बघा, मग काय नाही ते. अडलेली एकच गोष्ट द्या: बैल. बहुतेक वेळा ती प्रेरणा नसते. तीन महिन्यांची अभ्यासिकेची फी असते, किंवा इंग्रजी मेल तपासून द्यायला रोजची पंधरा मिनिटं, किंवा चालणारा जुना लॅपटॉप. सोबत दाणेही लागतात, नुसता बैल देऊन भागत नाही. फी भरली पण मेसचं काय, हे विचारा.

पैसे दिले असतील तर दोघांनी मिळून एका कागदावर रक्कम लिहा. व्याज नाही. परतीला तारीख घालू नका, प्रसंग घाला: ‘पहिल्या पगारापासून महिन्याला ५०० रुपये.’ तारीख घातली की ती चुकते, चुकली की तो फोन उचलत नाही आणि पैशांबरोबर माणूसही जातो. पहिला पगार झाल्यावर मुद्दल पाचशेने सुरू होतं, आणि पगार वाढला की बहुतेकदा हप्ता तोच आपणहून वाढवतो.