चित्रपटाचा ‘एकूण परिणाम’ कसा लिहावा: नव्याने परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी

परीक्षण लिहायला बसलेल्या नवख्या माणसाचं कथा, अभिनय, संगीत, छायालेखन इथपर्यंत बरं जमतं. अडतं ते शेवटच्या परिच्छेदात. तिथे ‘एकूण काय, एकदा पाहायला हरकत नाही’, ‘अंतर्मुख करणारा अनुभव’ किंवा ‘आपण सुन्न होऊन बाहेर पडतो’ यांपैकी एखादं वाक्य येतं आणि लेख संपतो. ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कुठल्याही चित्रपटाखाली चालतात, आणि तिथेच ती निरुपयोगी ठरतात. हा चित्रपट पाहून माझ्या मनाचं काय होणार आणि ते कशामुळे होणार, एवढंच वाचकाला जाणून घ्यायचं असतं.

एकूण परिणाम म्हणजे वेगवेगळ्या विभागांना दिलेल्या गुणांची सरासरी, असा समज आधी काढून टाकायला हवा. प्रत्येक विभाग चोख असूनही काहीच मागे न उरणारे चित्रपट असतात. प्रकाशयोजना कच्ची आणि ध्वनी खरखरीत असूनही आठवडाभर पाठ न सोडणारेही असतात. परिणाम घडतो तो या भागांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यातून. त्यामुळे चार विभागांचं मूल्यमापन संपल्यावर ‘म्हणून एकूण चांगला’ असं लिहिलं, तर परिणामाविषयी काहीच सांगितलेलं नसतं.

यासाठी आपल्याकडे फार जुनं आणि अजूनही धारदार असलेलं साधन आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात रस उपजतो, असं ‘नाट्यशास्त्र’कार भरताचं रससूत्र सांगतं. परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देण्यासारखं हे सूत्र नाही. त्याचे सरळ तीन प्रश्न करावेत. भावना कशामुळे जागी झाली? पडद्यावर ती कशातून दिसली? आणि मधल्या वेळात कोणकोणते भाव येऊन गेले? भरत असे येणारे-जाणारे भाव तेहेतीस मोजतो आणि स्थायी भाव फक्त आठ. या प्रमाणातच सगळा धडा आहे. दोन-अडीच तासांत हसू, धास्ती, कंटाळा, कौतुक, राग असं बरंच काही येऊन जातं. त्या सगळ्याखाली जे टिकून राहतं तो एकूण परिणाम. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. पूर्वार्धात चाळीस मिनिटं हशा पिकला म्हणून ते चित्रपटाला ‘धमाल’ म्हणतात, पण तो हशा पुढच्या दुःखासाठी केलेली मशागत असू शकतो. येऊन गेलेला भाव स्थायी समजला की लेखाची दिशाच चुकते.

आता प्रत्यक्ष काम. अंधारात टिपणं काढायला तळहाताएवढी वही आणि साधा बॉलपेन घ्यावा. फोनच्या उजेडाने शेजाऱ्याला त्रास होतो, शिवाय आपले डोळे पडद्याच्या अंधाराला सरावलेले असतात ते बिघडतात. अक्षर मोठं काढावं, एका पानावर एकच नोंद करावी आणि लगेच पान उलटावं. नाहीतर ओळीवर ओळ चढते आणि बाहेर आल्यावर काही लागत नाही. संपूर्ण चित्रपटात दहा-बारा नोंदी पुरतात. वीसच्या वर गेल्या तर पाहण्यापेक्षा लिहिणं जास्त झालं असं समजावं. नोंद मताची नसावी, वस्तूची असावी. ‘छान दृश्य’ या शब्दांतून दुसऱ्या दिवशी काही हाती लागत नाही. ‘आई भाकरी थापते, मागे रेडिओ, कोणी बोलत नाही’ एवढ्यावरून पूर्ण दृश्य परत उभं राहतं. कुठे हसू आलं, कुठे घड्याळाकडे लक्ष गेलं, प्रेक्षागृहात कुठे शांतता पसरली याच्या खुणा मात्र जरूर कराव्यात. स्वतःच्या शरीराची नोंद सहसा खोटं बोलत नाही.

चित्रपट संपल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सर्वांत मोलाची असतात. त्या वेळात कुणाशी चर्चा करू नये आणि दुसऱ्यांचं मत वाचू नये. सोबत असलेल्या मित्राने ‘काय बोअर होता!’ असं म्हटलं की तुमचा ठसा तिथेच वाकतो आणि नंतर सरळ होत नाही. बाहेर पडून एखाद्या कट्ट्यावर बसावं आणि तीन वाक्यं लिहावीत. पहिलं, आत्ता डोळ्यांसमोर आपोआप येणारं चित्र कोणतं. दुसरं, या क्षणी वाटतंय काय, एकाही विशेषणाशिवाय: ‘घशात काहीतरी अडकलंय’, ‘कुणाला तरी फोन करावासा वाटतोय’, ‘मोकळं वाटतंय, पण का ते कळत नाही’. तिसरं, चित्रपटावर राग असेल तर नेमका कुठे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी, आदल्या दिवशीचं न वाचता, हीच तीन वाक्यं पुन्हा लिहावीत आणि मग दोन्ही शेजारी ठेवावीत. दोन्हीकडे जे आहे तो परिणामाचा गाभा. फक्त रात्रीच्या पानावर आहे तो बहुतेकदा मोठ्या आवाजाचा किंवा शेवटच्या गाण्याचा जोर. फक्त सकाळच्या पानावर आहे ते सर्वांत काळजीने तपासावं, कारण सावकाश उगवणाऱ्या चित्रपटांचा ऐवज तिथेच सापडतो.

हा खटाटोप का, याचं कारण आठवणीच्या स्वभावात आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना १४ अंश सेल्सिअस इतक्या थंड पाण्यात ६० सेकंद हात धरायला सांगितला. दुसऱ्या प्रकारात तेच ६० सेकंद होते आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातला कोणता प्रकार पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला. शेवट किंचित सुसह्य होता, एवढंच कारण. अनुभवाची लांबी आठवणीत फारशी उरत नाही. कळसाचा क्षण आणि शेवट उरतात. चित्रपटाबाबतही हेच घडतं. शेवटची दहा मिनिटं मागच्या दोन तासांवर रंग चढवतात. कंटाळवाणा उत्तरार्ध एका जोरकस शेवटाने माफ होतो, आणि सुंदर चाललेला चित्रपट फसलेल्या शेवटामुळे ‘वाईट’ म्हणून लक्षात राहतो.

त्यावर सोपा इलाज आहे. वहीत एक आडवी रेघ काढावी, मध्ये मध्यंतराची खूण करावी आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन भाग पाडावेत. नोंदी पाहत प्रत्येक भागात आपली पकड कशी होती ते रेघेच्या वर किंवा खाली टिंब देऊन दाखवावं. टिंबं जोडली की चित्रपटाचा चढउतार दिसतो. शेवटचं टिंब उंच आणि आधीची चार खाली असतील, तर ‘खिळवून ठेवणारा’ हा शब्द लेखात येता कामा नये. शेवट खिळवतो, चित्रपट नाही. मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे मोठी दरी दिसली तर आणखी एक तपासणी करावी. दरी पटकथेत आहे की मध्यंतराने आपला सूर तोडला? मध्यंतराचा विचार न करता बांधलेला चित्रपट आपल्या प्रेक्षागृहात मध्येच थांबवला जातो, तेव्हा नंतरची दहा मिनिटं थंड वाटण्यात दिग्दर्शकाचा दोष नसतो.

स्वतःचीही तपासणी हवी. भरताच्या ग्रंथावर भाष्य करणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुंतलेला असणं. भूक, डोकेदुखी, घरचं आजारपण, वातानुकूलनाची गारठवणारी हवा या सगळ्याची खूण वहीच्या पहिल्या पानावर असावी. त्याच यादीत गोष्ट संभवनीय न वाटणं हेही विघ्न आहे, आणि गौण गोष्टीने प्रधान गोष्टीची जागा घेणं हेही. पहिलं विघ्न आपलं, पुढची दोन बहुधा चित्रपटाची. ‘मन लागलं नाही’ असं लिहिण्याआधी कोणतं विघ्न होतं ते ठरवावं, म्हणजे अन्याय होत नाही.

आता एक खरं उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी जब्या या शाळकरी मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. ‘शेवट अंगावर येतो, आपण सुन्न होतो’ असं याबद्दल कुणीही लिहील. परिणाम लिहायचा तर मागे जावं लागतं. जब्याच्या कुटुंबाची डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना गाव कडेला जमून मजा बघतं. त्यातच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. कवी-समीक्षक मर्ढेकरांनी कलाकृतीतल्या लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वं मांडली; त्यांतल्या विरोधाचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. त्या पाठलागात प्रेक्षागृहातही हसू फुटतं. मग परिणाम असा लिहिता येतो: ‘पाठलाग पाहताना आपण हसतो, आणि हसणारा गावही त्याच वेळी पडद्यावर दिसत असतो. त्या गर्दीत आपणही उभे आहोत हे उमगेपर्यंत दगड सुटलेला असतो. बाहेर पडताना जब्याची कीव उरत नाही, आपण पकडले गेल्याची अस्वस्थता उरते.’ इथे भावनेचं नाव अगदी शेवटी आलं, आणि तिच्यापर्यंतची वाट वाचकाला दिसली. वाचक असहमत झाला तरी नेमकं कशाशी असहमत व्हायचं ते त्याला कळतं.

याच्या उलट टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आहे. सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. चित्रपट इथे संपला असता तर परिणाम गंभीर आणि काहीसा भव्य झाला असता. पण त्यानंतर न्यायाधीशांच्या सहलीचा भाग येतो, आणि बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश झोपमोड करणाऱ्या मुलाला चापट मारून पुन्हा डोळे मिटतात. त्या चापटीने आधीच्या सगळ्या सुनावण्यांचा अर्थ बदलतो: निवाडा करणारा कुणी दुष्ट नाही, तो झोपाळलेला आहे. अशा चित्रपटाला ‘संथ’ म्हणून सोडून देणाऱ्याने परिणामाचं साधन आणि परिणाम यांची गल्लत केलेली असते. स्थिर, लांब चित्रचौकटी आपल्यालाही न्यायालयातल्या बाकावर ताटकळत बसवतात. ते ताटकळणं हाच अनुभव आहे.

परिणामाचं वर्णन करताना शेवट फुटू नये, ही अडचण खरी आहे. वर दोन्ही शेवट उघड केले आहेत, कारण हे शिकवण्यासाठी आहे. प्रदर्शनाच्या आठवड्यातल्या परीक्षणात असं करायचं नाही. तिथे घटना न सांगता दिशा सांगावी. ‘शेवटी चित्रपट पात्रांकडून प्रेक्षकाकडे वळतो’ या वाक्यात काही फुटत नाही, पण परिणाम पोचतो. उदाहरणाचं दृश्य मात्र पहिल्या तासातलंच निवडावं.

शब्दांबद्दल कठोर राहावं. पहिला खर्डा झाल्यावर अप्रतिम, भन्नाट, विलक्षण, हृदयस्पर्शी, वास्तववादी, अंतर्मुख, सुन्न या शब्दांवर पेन्सिलीने गोल करावेत. प्रत्येक गोलाच्या जागी ‘म्हणजे काय झालं?’ याचं उत्तर लिहावं. उत्तर सुचलं तर विशेषण काढावं, नाही सुचलं तर पूर्ण वाक्य काढावं. ‘पकड घेतो’, ‘सैल पडतो’, ‘रेंगाळतो’, ‘उरतो’, ‘बोचतो’, ‘निसटतो’ अशी क्रियापदं मराठीत भरपूर आहेत आणि ती विशेषणांपेक्षा कितीतरी नेमकी आहेत. ‘आपण’ हा शब्दही जपून वापरावा. ‘आपल्या डोळ्यांत पाणी येतं’ असं लिहिलं आणि वाचकाच्या आलं नाही, की त्याचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

६०० शब्दांच्या लेखात कथेला १२० शब्दांहून जास्त जागा देऊ नये आणि परिणामाला निदान १०० राखून ठेवावेत. ३५० शब्दांच्या स्तंभात ५०-६० पुरतात.

महोत्सवात हे सगळं घाईत करावं लागतं. २००४ पासून गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासारख्या ठिकाणी दिवसाला चार-चार चित्रपट पाहिले जातात, आणि तिसऱ्यानंतर ठसे एकमेकांत मिसळू लागतात: एका चित्रपटातलं पावसाचं दृश्य आठवणीत दुसऱ्यात जाऊन बसतं. पुढच्या रांगेत उभं राहण्याआधी पाच मिनिटांत तीन वाक्यं उरकावीत आणि पानावर चित्रपटाचं नाव व वेळ घालावी. संध्याकाळचा चित्रपट नावडला, तर तो सकाळी नावडला असता का, हा प्रश्न त्याच पानावर लिहून ठेवावा. ज्यावर लेख लिहायचाच आहे तो शक्यतो दिवसाचा पहिला पाहावा.

लेख पाठवण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट. पानावर जागा कमी पडली की लेख खालून कापला जातो. म्हणून परिणामाचं मुख्य वाक्य शेवटच्या परिच्छेदावर सोडू नये. त्याचं बीज पहिल्या दोन-तीन ओळींतच पेरावं. शेवटचा परिच्छेद झाकून लेख एकदा वाचून पाहावा. तेवढ्यावरूनही चित्रपट माणसाला कुठे नेऊन सोडतो ते कळत असेल, तर लेख पाठवायला तयार आहे.