नॉर्वेचे फ्योर्ड एका दिवसात: या चुका टाळा

गुडवान्गेनहून सुटलेली बोट दोन तासांनी फ्लोमला लागते. या दोन तासांसाठी आपली माणसं वर्षभर पैसे साठवतात, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला सुट्टी काढतात, मुंबईहून दोन विमानं बदलून येतात. आणि मग त्यातला दीड तास काचेच्या आत, कॉफीचा कप धरून बसून काढतात. मराठी ग्रुप घेऊन मी इतक्या वेळा या वाटेनं गेले आहे की कोण आत जाऊन बसणार, हे मला सकाळी हॉटेलच्या लॉबीत पायांकडे बघूनच कळतं. कापडी बूट आणि जीन्स दिसली की समजायचं.

आधी वाट सांगते, म्हणजे पुढचं बोलणं समजेल. बर्गनहून सकाळी रेल्वेनं व्हॉस, तिथून बसनं गुडवान्गेन, मग बोटीनं नॅरॉयफ्योर्ड आणि आउरलँड्सफ्योर्ड पार करून फ्लोम. (फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या आत शिरलेला समुद्र.) फ्लोमहून डोंगर चढणारी छोटी रेल्वे म्युर्दालला नेते आणि तिथून मोठ्या गाडीनं परत बर्गन. सगळं मिळून दहा-बारा तास जातात. स्पेलिंग बघून सगळे 'फ्लॅम' म्हणतात. 'फ्लोम' म्हणा, तिथल्या माणसाला लगेच कळतं.

पाऊस आपल्याला माहीत आहे, असं समजणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपणच जास्त करतो. "अहो, आम्ही माळशेजला दर पावसाळ्यात भिजतो," असं मला दर ग्रुपमध्ये कुणीतरी ऐकवतं. माळशेजचा पाऊस अंगावर घेता येतो, कारण हवा उबदार असते. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानानं हा आकडा निम्म्याहून कमी, पण तो बाराही महिने पडतो आणि फ्योर्डमध्ये जूनमध्येसुद्धा पारा नऊ-दहावर असू शकतो. त्यात बोट चालायला लागली की समोरून वारा येतो. ओली जीन्स या वाऱ्यात वाळत नाही, ती पायातली ऊब ओढून घेते. सुती कुर्ता, सुती मोजे, ओढणी, सगळ्यांचं तेच.

एका जूनमधली गोष्ट सांगते. बावीस जणांचा ग्रुप होता. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी तीनदा सांगितलं होतं की जॅकेट, टोपी, हातमोजे हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. सकाळी बर्गनला लख्ख ऊन पडलं. ऊन बघून सगळ्यांचा जीव हलका झाला आणि निम्म्या लोकांनी जॅकेटं मोठ्या बॅगांत कोंबली. बॅगा दुसऱ्या गाडीनं पुढच्या हॉटेलला गेल्या. व्हॉसपर्यंत ऊन होतं. गुडवान्गेनला बसमधून उतरलो तेव्हा ढग पाण्याच्या हातभर वर इतके खाली उतरले होते आणि बारीक पाऊस सुरू झाला होता.

त्या ग्रुपमध्ये भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूनं 'यू' आकाराची दरी काढली होती, हिमनदी शिकवली होती, लोंबत्या दऱ्या शिकवल्या होत्या. आदल्या दिवशी गाडीत त्यांनीच सगळ्यांना समजावलं होतं: मुख्य हिमनदी खूप खोल कापत गेली, बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं खोल जाता आलं नाही, म्हणून बाजूच्या दऱ्या वरच अधांतरी राहिल्या आणि आता त्यांचं पाणी थेट कड्यावरून खाली पडतं. इथले धबधबे असे का पडतात, याचं इतकं स्वच्छ उत्तर मी कुठल्याच गाइडकडून ऐकलेलं नाही.

बाई दहा मिनिटं डेकवर उभ्या राहिल्या. अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि पातळ स्वेटर, पायात सँडल. मग दात वाजायला लागले आणि त्या आत गेल्या. मी मागे एका काकांचा रक्तदाब बघण्यात गुंतले होते. अर्ध्या तासानं बघते तर बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि रुमालानं काच पुसत होत्या. आत पन्नास-साठ ओली माणसं, सगळ्यांच्या श्वासानं काच पुन्हा पुन्हा धुरकट होत होती. त्या पुसायच्या, चार सेकंद काहीतरी पांढरं दिसायचं, परत धुकं. मी माझं जॅकेट काढून त्यांना घातलं आणि हात धरून बाहेर आणलं. पण तोवर बोट वळून आउरलँड्सफ्योर्डमध्ये शिरली होती. नॅरॉयफ्योर्डचा सगळ्यात अरुंद भाग, जिथे दोन कड्यांमध्ये जेमतेम अडीचशे मीटर पाणी उरतं, तो मागे गेला होता. बाई रडल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. मला मात्र ते आजही टोचतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. मी सकाळी लॉबीत प्रत्येकाची हातातली पिशवी उघडून बघते. लोकांना राग येतो, येऊ दे. पिशवीत चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत: पाणी आत न येणारं जॅकेट आणि तशीच पॅन्ट, लोकरीची कानटोपी, हातमोजे, कोरडे लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. आत थर्मल घातलेलं असावं. छत्री मी हॉटेलातच ठेवायला लावते, डेकवरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि शेजारच्याच्या डोळ्यात जाते. पातळ प्लास्टिकचा पोंचोही नको. तो पालासारखा फडफडतो आणि दहा मिनिटांत फाटतो. माझ्याकडे दोन जास्तीच्या टोप्या आणि एक जादा जॅकेट कायम असतं, त्या जूनपासून.

पहिला तास वाया घालवणं

बोटीत चढल्या चढल्या लोक काय करतात? जागा पकडतात, पिशव्या ठेवतात, कॉफीच्या रांगेत उभे राहतात, स्वच्छतागृहात जातात. या सगळ्यात पाऊण तास जातो. गुडवान्गेनहून निघालात तर सुरुवातीचाच तास नॅरॉयफ्योर्डचा असतो. सतरा किलोमीटर लांबीचा हा फाटा आणि उत्तरेकडचा गैरांगरफ्योर्ड, दोघांना 2005 साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. तुम्ही ज्यासाठी आलात ते हेच. म्हणून कॉफी, स्वच्छतागृह, फोनचं चार्जिंग, सगळं बोट सुटायच्या आधी धक्क्यावर उरका, आणि सुटताना डेकवर उभे असा. उलट्या दिशेनं, म्हणजे फ्लोमहून निघालात, तर हाच तास शेवटी येतो. मग आधी आत बसून ऊब घ्या आणि अर्धा प्रवास झाला की बाहेर या.

आता या वाटेवर विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. पहिली पूर्ण विजेवरची 2018 मध्ये आली. इंजिनाची घरघर नसल्यानं धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. तो ऐकायचा असेल तर मोबाइलवर गाणी लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

बोट लागेल या भीतीनं गोळी घेणं ही याच्या जोडीची चूक. एसटीनं घाट चढायच्या आधी अवोमिन घ्यायची सवय असते, तीच इथे चालू ठेवतात. फ्योर्ड डोंगरांच्या आत असतो, तिथलं पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं शांत असतं. गोळीनं डोळे मिटायला लागतात आणि माणूस नॅरॉयफ्योर्डमध्ये झोपून जातो. असे मी निदान दहा जण बघितले आहेत.

क्योसफॉसेनला जिवाची घाई करणं

फ्लोमची रेल्वे हे रेल्वेप्रेमींचं तीर्थस्थान आहे. वीस किलोमीटर लांबी, समुद्रसपाटीपासून म्युर्दालच्या 866 मीटरपर्यंतची चढण, वीस बोगदे, आणि त्यातले अठरा हातानं खोदलेले. 1940 साली ही वाट सुरू झाली. आपल्या बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे (37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर), इथला सगळ्यात तीव्र चढ 18 ला 1, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तोही साध्या रुळांवर, चाकं घसरू नयेत म्हणून मधे बसवतात त्या दातेरी पट्टीशिवाय.

वाटेत गाडी क्योसफॉसेन धबधब्याशी थांबते. 'फॉस' म्हणजे धबधबा, म्हणून 'क्योसफॉसेन धबधबा' म्हणजे आपल्या 'गोल सर्कल'सारखं, पण सगळे म्हणतात तसं मीही म्हणते. थांबा जेमतेम पाच मिनिटांचा. दारं उघडली की गर्दी अशी बाहेर पडते जणू दादरला उतरायचं आहे. फलाट लाकडी, कायम ओला, तुषार थेट अंगावर येतात. उन्हाळ्यात वर कातळावर लाल कपड्यातली हुल्द्रा नाचते. ती नॉर्वेच्या लोककथांमधली, माणसाला भुलवून डोंगरात नेणारी वनदेवता. मग निम्मे लोक धबधबा सोडून तिचंच शूटिंग करत राहतात.

इथे एकदा आमच्या ग्रुपमधला एक मुलगा व्हिडिओसाठी फलाटाच्या पार टोकाला गेला. शिट्टी झाल्यावर तो जवळच्या दुसऱ्याच डब्यात चढला. आईला तो दिसेना. सगळे चढले, आई मात्र मुलाला शोधायला परत खाली उतरली. दारं बंद व्हायला आली होती. मी तिचा दंड धरून आत ओढलं, तिची एक चप्पल फलाटावर राहिली. पुढची वीस मिनिटं माय-लेक एकमेकांना फोन लावत होते आणि बोगद्यात फोन लागत नव्हता. तेवढ्या वेळात वाटेतली सगळ्यात सुंदर वळणं निघून गेली.

म्हणून माझा नियम: चढताना डब्याचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा, ज्या दारातून उतरलो त्याच दारातून चढायचं, आणि कुणी दिसलं नाही तर शोधायला खाली उतरायचं नाही. म्युर्दालला सगळे भेटतातच, गाडीला दुसरीकडे जायला वाटच नाही. उतरल्यावर पहिला एक मिनिट कॅमेरा खिशात ठेवा. आधी बघा, मग फोटो.

खिडकीवरून भांडणंही नकोत. या रेल्वेत दरी कधी या बाजूला येते, कधी त्या. बर्गन ते व्हॉसच्या गाडीत मात्र जाताना डावीकडे बसा, पाणी त्या बाजूला असतं.

ऑस्लोहून एका दिवसात जाऊन येणं

करू नका. ऑस्लोहून म्युर्दाललाच साधारण पाच तास लागतात, येताना तेवढेच. कार्यक्रमात 'फ्योर्ड' हा शब्द येतो, एवढंच. एक रात्र बर्गनला किंवा फ्लोमला काढा. आणखी एक दिवस वाचवायच्या नादात ज्यांनी ही वाट ऑस्लोहून ओढली, त्यांच्या फोटोंमध्ये मला नेहमी थकलेले चेहरेच दिसतात.

पाऊस दिसला म्हणून सहल रद्द करणं

धबधब्यांना पाणी लागतं, ही साधी गोष्ट आहे. मे-जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळत असतो, तेव्हा सगळे कडे वाहतात. ऑगस्टमध्ये कोरडे दिवस लागले की कित्येक धारा नाहीशा होतात, आणि एक दिवस पाऊस झाला की पुन्हा जिवंत होतात. व्हॉसच्या पुढे रस्त्याकाठी ट्विंडेफॉसेन आहे, पायऱ्या-पायऱ्यांवरून उतरणारा. तो मला भर पावसातच सगळ्यात आवडतो. अंदाज बघायचाच असेल तर 'यर' या नॉर्वेच्या अ‍ॅपवर गुडवान्गेन आणि फ्लोमचा बघा, बर्गनचा नको. मधले डोंगर ढग अडवतात, दोन्हीकडची हवा एक नसते.

लहानसहान

पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप, पनीर भारतातून आणू नका. युरोपबाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. खाकरे, चकल्या, दाण्याचे लाडू मी नेते आणि बोटीवर वाटते. डेकवर खाताना हात झाकून खा, सीगल झडप घालतात, आणि त्यांना मुद्दाम खायला घालू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. रोख क्रोनरही भरमसाट बदलून घेऊ नका, स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं.

फ्लोमला मोठी क्रूझ लागलेली असेल तर दुकानांत शिरू नका. गर्दीत वेळेचं भान जातं, आणि रेल्वेचं तिकीट ठरावीक गाडीचंच असतं. स्टेशनलगत या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, तिथे अर्धा तास काढा. ते बोगदे हातानं खोदायचे म्हणजे काय, हे कळून गाडीत बसलात की खिडकीबाहेरचा प्रत्येक कातळ वेगळा दिसतो.

आणि म्युर्दालला उतरताना जॅकेट काढू नका. तिथे रस्ताच येत नाही, आहे ते फक्त स्टेशन, जूनमध्येही आसपास बर्फाचे पट्टे असतात. बर्गनची गाडी कधीकधी उशिरा येते, आणि दिवसभर न भिजलेली माणसं मी तिथल्या फलाटावर गारठताना पाहिली आहेत. कोरडे मोजे तिथे बदला. थर्मासमध्ये थोडा चहा मी याच फलाटासाठी राखून ठेवते.