फिश टँकला घरच्या घरी थ्रीडी बॅकग्राउंड: खरं काम चिकटवण्यातच आहे

आत्तापर्यंत सात बॅकग्राउंड, म्हणजे टाकीच्या मागच्या काचेला आतून लावायच्या दगडासारख्या भिंती, केलीत, दोन माझ्या टाक्यांना, बाकी ओळखीच्यांच्या. थर्माकोल कोरायचं, सिलिकॉनने चिकटवायचं, वरून सिमेंट, झालं, असं सगळे सांगतात. कोरणं कुणालाही जमतं हो. चिकटवण्याबद्दल मात्र लोक वाट्टेल ते सांगतात, आणि तिथेच टाकी वाया जाते.

टाकी रिकामी, कोरडी, मागची काच स्पिरिटने पुसलेली आहे असं धरून चालते. थर्माकोल घट्ट दाण्याचं घ्या. २०१८ च्या बंदीनंतर डेकोरेशनचं विसराच, आणि टीव्हीच्या खोक्यातलं बोटाने दाबलं की दाणे सुटतात, ते नको. आपल्याकडे नाशिकला द्राक्षांची कोल्ड स्टोरेज एवढी आहेत, इन्सुलेशनचं काम करणाऱ्याकडे दोन-तीन इंची तुकडे मागा.

कोरण्याआधी एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या. मजा म्हणून नाही, दगड बघायला. आपला काळा दगड म्हणजे लाव्हाचे एकावर एक आडवे थर, आणि त्यांना कुठेकुठे उभ्या भेगा. नेटवरचे फोटो बघून लोक गोल गोल गोटे कोरतात, ते बटाट्यासारखे दिसतात. हॅकसॉ ब्लेडने आडवे थर काढा, तारेच्या ब्रशने खरवडा, बस. हीटगन मारायची तर गच्चीवर, तो धूर घरात नको.

आता चिकटवणं. आधी हिशोब करा. तीन फुटी टाकीची मागची काच साधारण ९० बाय ४५ सेंटीमीटर, थर्माकोल सरासरी ५ सेंटीमीटर जाड धरलं तर २० लिटर जागा झाली. म्हणजे पाणी भरल्यावर ते पॅनल जवळजवळ २० किलोच्या जोराने वर यायला बघतं. ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तेवढं वजन, फक्त उलट्या दिशेने, आणि रात्रंदिवस. सिमेंटच्या थरांनी त्यातले तीन-चार किलो कमी होतील, जास्त नाही.

माझ्या पहिल्या टाकीला दुकानदाराने सांगितलं होतं, चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे सिलिकॉनचे गोळे लावा, उद्या पाणी भरा. मी तेच केलं. दुसऱ्या रात्री अडीच वाजता धप्प असा आवाज आला, उठून बघते तर पॅनल वर येऊन झाकण उचललेलं, ट्यूब पाण्यात लोंबकळतेय आणि दोन एंजल काच आणि थर्माकोलच्या मध्ये दाबले गेलेले. आधी मेन स्विच बंद केला, मग हात घातला. ते दोन मासे वर्षभर माझ्या हातून दाणे खायचे. अजून आठवलं की वाईट वाटतं.

सकाळी पॅनल सोलून काढलं तर मधला गोळा बाहेरून घट्ट आणि आत लोण्यासारखा मऊ, व्हिनेगरचा भपकारा येत होता. तेव्हा कळलं. सिलिकॉन वाळत नाही, हवेतली ओल घेऊन पक्कं होतं, आणि तेही कडेकडून आत, २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर. एवढ्या मोठ्या शीटखाली मधल्या गोळ्याला हवा मिळणार कुठून? म्हणून गोळे नाहीच लावायचे. पॅनलच्या मागे दोन-दोन इंचांवर उभ्या धारा मारा, वरून खालपर्यंत, आणि दोन धारांमधली फट वर-खाली उघडी ठेवा. काचेवर दाबा, आधाराला पुस्तकं-विटा लावा आणि आठ-दहा दिवस हात लावू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कोरडी असते, तेव्हा पंधरा दिवस धरा.

झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. त्याच दिवशी, त्याच ट्यूबमधून, काचेच्या तुकड्यावर थर्माकोलची वीतभर पट्टी तशाच धारांनी चिकटवून बाजूला ठेवा. आठव्या दिवशी ती उपटा. थर्माकोलचे दाणे तुटून काचेवर राहिले तर पक्कं झालं, धार मध्येच चिकट निघाली किंवा वास आला तर थांबा.

मग, आणि मगच, चारी कडा सिलिकॉनने बंद करा, म्हणजे मासे मागे अडकत नाहीत आणि घाण साचत नाही. काहीजण म्हणतात कडा बंद केल्या की पाण्याचा दाबच पॅनल धरून ठेवतो. ठेवतो, पण टाचणीएवढ्या भोकातून पाणी मागे गेलं की संपलं. त्यावर विसंबू नका. उलट चिकटवायच्या आधीच टाकीवाल्याकडून वरच्या कडेला आतून दोन इंची काचेची पट्टी लावून घ्या आणि पॅनल त्याखाली अडकेल असं बसवा. आत जात नसेल तर दोन तुकडे करून मधला सांधा थराच्या भेगेत लपवा. सिलिकॉन साधं १०० टक्के, बाथरूमचं अँटी-फंगल अजिबात नको, ते माशांना विष आहे. आणि रबर सोल्युशन लावाल तर ते थर्माकोलच खाऊन टाकतं.

सिमेंट सोपं आहे. पहिला हात ताकासारखा पातळ, पुढचे तीन इडलीच्या पिठाएवढे, रोज एक, मध्ये पाणी मारत राहा. शेवटच्या दोन हातांत फरशीवाले वापरतात तो काळा ऑक्साईड, भेगांत चिमूटभर लाल.

मग टाकी भरा, तीन दिवसांनी सगळं पाणी फेका, परत भरा. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच चढतो. तीन-चार आठवडे लागतात, व्हिनेगर ओतून घाई करू नका. टाकीतला पीएच आणि त्याच नळाचं एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी, दोन्ही सलग आठवडाभर सारखे आले की फिल्टर सुरू करा, जुन्या टाकीतला स्पंज असेल तर तो त्यात टाका, आणि आधी दोनच मासे सोडा. बाकीचे पंधरा दिवसांनी.