अँटिबायोटिक सुरू आहे आणि बीपी वरखाली होतंय? या चुका टाळा

अँटिबायोटिक सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले आणि सकाळी उठताना घेरी आली, की घरात निकाल लागलेलाच असतो, "गोळी गरम पडली". मग एकतर कोर्स अर्धवट सुटतो नाहीतर बीपीची गोळी बंद होते, आणि दोन्ही चूक. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं स्वतःहून बीपीला सहसा काही करत नाहीत, घोळ होतो तो बऱ्याचदा जोडीत, म्हणजे तुमची रोजची गोळी आणि वर हे नवीन औषध.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डॉक्टरला "बीपीची एक छोटी पांढरी गोळी चालू आहे" एवढंच सांगणं. अहो, छोट्या पांढऱ्या गोळ्या शंभर असतात! स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, नावापुढे एएम असेल तर बहुतेक वेळा आत अमलोडिपिन असतं. या अमलोडिपिनला मोडून टाकायचं काम लिव्हरमधलं सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम करतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक नेमकं तेच एन्झाइम अडवतात, म्हणजे गोळी तुम्ही एकच घेताय पण रक्तात साठतंय जास्त. मग बीपी खाली, पायाला सूज, आणि वयस्कर माणसात किडनीवरही ताण येतो. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या वयस्कर पेशंटवरचा 2013 चा अभ्यास आहे, त्यात अशी बीपीची गोळी चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांना अझिथ्रोमायसिनवाल्यांपेक्षा किडनीच्या त्रासासाठी जास्त वेळा ॲडमिट व्हावं लागलं. पोटातल्या एच. पायलोरी या जंतूसाठी जे किट देतात त्यातही बऱ्याचदा क्लॅरिथ्रोमायसिन असतं, तेही 14 दिवस, आणि लोकांना ती ॲसिडिटीची गोळी वाटते. आता हे वाचून मेडिकलमधून स्वतःच अझिथ्रो बदलून आणू नका, ते हार्टच्या ठोक्यांना सगळ्यांना चालतंच असं नाही.

टीबीच्या औषधांचं बरोबर उलटं. रिफाम्पिसिन एन्झाइम वाढवतं, त्यामुळे अमलोडिपिन, मेटोप्रोलोल वगैरे लवकर संपतात आणि आठवड्या-दोन आठवड्यात बीपी चढायला लागतं. पेशंट म्हणतो टेन्शनमुळे असेल. डॉक्टर डोस वाढवतात, ठीक आहे, पण टीबीचा कोर्स संपल्यावर तोच वाढवलेला डोस चालू ठेवणं ही चूक फार कुणाच्या लक्षात येत नाही, दोनेक आठवड्यात एन्झाइम पूर्ववत होतं आणि मग बीपी धपकन खाली. कोर्स संपला की तपासून डोस परत ठरवून घ्या.

लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असताना नाक बंद म्हणून सर्दीची गोळी घेतली तर बीपी एकदम वर जाऊ शकतं, कारण त्या गोळीत बऱ्याचदा नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन असतं, परत स्ट्रिप वाचा.

जुलाब हा प्रकार तर लोक मोजतच नाहीत. अँटिबायोटिकने पोट बिघडलं, पाणी गेलं, आणि वर टेलमिसार्टनसारखी बीपीची गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळी चालूच, मग घेरी येणारच. ओआरएस घ्या आणि गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून विचारा. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक आणि टेलमिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी एकत्र असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्याची रक्ततपासणी लागते, बीपीच्या मशीनवर ते दिसणार नाही.

मशीनवरून आठवलं, जिना चढून आल्या आल्या, चहा पिऊन, ताप असताना घेतलेलं रीडिंग पकडून घाबरू नका. पाच मिनिटं टेकून बसा, हात छातीच्या लेव्हलला, मग दोनदा घ्या आणि वहीत वेळेसकट लिहा.

पण इंजेक्शन किंवा गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला आणि घाम फुटून डोळ्यापुढे अंधारी आली तर ती ॲलर्जी आहे, तेव्हा मशीन शोधत बसू नका, माणसाला आडवं करा, श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, आणि 108 ला फोन लावा.