ब्रेक किट घरी कसं बसवायचं, आणि त्यातली हवा पूर्ण कशी काढायची

ब्रेक किट म्हणजे चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबून धरणारे चिमटे) आणि मोठ्या डिस्क. ते बसवलं की गाडी कमी अंतरात थांबते, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. चाक लॉक होण्याच्या बेतात येऊन एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धडधडायला लागेल एवढी ताकद गाडीच्या मूळ ब्रेकमध्येही असते. त्यापुढे थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. मोठं किट घ्यायचं ते उष्णतेसाठी. १५०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. रेसच्या ट्रॅकवर हे वळणावळणाला घडतं. लहान डिस्क तापत जाते, पॅडची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल फरशीला टेकतं. जड डिस्क तेवढीच उष्णता घेऊनही कमी तापते. मूळ ब्रेकवर चांगले पॅड आणि ताजं ऑइल घालून अजून पाहिलं नसेल, तर आधी ते करा. पुष्कळ जणांची अडचण तिथेच मिटते.

तरीही किट घ्यायचंच असेल, तर पिस्टन किती आहेत हे मोजत बसू नका. त्यांचं एकूण क्षेत्रफळ तुमच्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ऑइल कॅलिपरकडे ढकलणारा भाग) झेपणारं हवं. ते फार मोठं असलं तर पेडल लांब जातं. फक्त पुढच्या चाकांचा ब्रेक वाढला तर मागची चाकं आपल्या वाट्याचं काम करत नाहीत, आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी हिशेब करून बनवलेलं किट घ्या. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर ब्रॅकेट बनवून बसवू नका. पैसे भरण्याआधी किट बनवणाऱ्याचा कागदी साचा पुठ्ठ्यावर चिकटवून चाकाच्या आत फिरवून पाहा. कॅलिपर रिमला नाही, पण स्पोकला घासतो, असं नेहमी घडतं.

गाडी स्टँडवर कशी घ्यायची हे इथे सांगत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये, हे ज्याला सांगावं लागतं त्याने हे काम करू नये.

जुनं काढणं

जुने कॅलिपर आणि डिस्क काढायला फार डोकं लागत नाही. एक युक्ती मात्र लक्षात ठेवा. पाइप सोडण्याआधी ब्रेक पेडल तीनेक सेंटिमीटर दाबून काठीने तसंच अडकवून ठेवा. त्याने मास्टर सिलिंडरमधलं ऑइलच्या टाकीकडचं भोक बंद होतं आणि ऑइल गळून टाकी रिकामी होत नाही. मागचे लाल दिवे तेवढा वेळ पेटत राहतील, म्हणून बॅटरीची तार काढा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते रंग खातं.

हब आणि डिस्क

हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) चेहरा तारेच्या ब्रशने घासून उघडं धातू दिसेपर्यंत साफ करा, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या) मुळाशी. तिथे राहिलेला गंजाचा बारीकसा पापुद्रा डिस्कच्या बाहेरच्या काठावर वाढून दिसतो. नवी डिस्क चाकाच्या नटांनी, खाली वॉशर घालून, आवळा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून फिरवा. डोल (फिरताना डिस्कचं कडेला हलणं) ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला तर डिस्क एकेक भोक सरकवून पुन्हा मोजा. काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. डोलामुळे पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त चिकटलेला असतो.

डिस्कच्या आतल्या पात्या वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. बाहेरच्या खाचांची दिशा पाहून ठरवू नका, कारण त्या दिखाव्यासाठी कुठल्याही दिशेने कापतात. आत डोकावून पाहा: चाक पुढे फिरताना पात्या मागे झुकलेल्या हव्यात, म्हणजे हवा मधून ओढली जाऊन बाहेर फेकली जाते.

कॅलिपर आणि होज

फिक्स्ड (न सरकणारा) कॅलिपर डिस्कच्या बरोबर मधोमध बसला पाहिजे. दोन्ही बाजूंचं अंतर मोजा आणि किटमधल्या शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवा. बोल्ट किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नाही. बँजो बोल्टला (होज म्हणजे ऑइलची लवचीक नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर लागतात. जुने परत वापरायचे नाहीत. या बोल्टला टॉर्क कमी असतो, आणि जास्त ताकद लावली की तो तुटतो. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, सस्पेन्शन खाली लोंबकळू द्या आणि जॅकने वर उचलूनही पाहा. होज कुठेही ताणला, पिळला किंवा टायरला टेकला तर मार्ग बदला. रबराच्या भागांना साधं ग्रीस किंवा पेट्रोल लावू नका, सील फुगतात.

हवा काढणं

इथे सावकाश वाचा. ज्या गाड्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं त्यांचं बाकी काम निर्दोष होतं आणि पेडल तरी स्पंजी (दाबल्यावर मऊ लागणारं) होतं. एका पिस्टनचा सरकता कॅलिपर जवळपास आपणच हवा सोडतो. मोठ्या फिक्स्ड कॅलिपरमध्ये दोन्ही अंगांना पिस्टनांच्या खोल्या असतात, त्या अरुंद वाटेने जोडलेल्या असतात, आणि हवा त्यांच्या कोपऱ्यांत दडून बसते.

पहिली गोष्ट, निपल (हवा सोडायचा पोकळ स्क्रू) कुठे आहे ते पाहा. ते कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला हवं. खाली आलं असेल तर तुम्ही डावा कॅलिपर उजवीकडे लावला आहे, आणि कितीही ऑइल ओतलंत तरी वरची हवा बाहेर येणार नाही. बऱ्याच कॅलिपरमध्ये पिस्टनही लहानमोठे असतात. डिस्क ज्या टोकाने आत शिरते तिथे लहान पिस्टन यावा लागतो. म्हणजे अदलाबदल दोन कारणांनी चूक आहे. निपल दोन असतील, बाहेरच्या अंगाला एक आणि आतल्या अंगाला एक, तर दोन्हीतून हवा काढायची. आतला अवघड जागी असतो म्हणून लोक तो सोडून देतात, आणि मग मास्टर सिलिंडर बदलायला निघतात.

ऑइल बंद बाटलीतलं ताजं घ्या. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. नाव जवळचं असलं तरी डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. ते यात मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

आता पेडलची काठी काढा. डिस्क आणि पॅड जागेवर असल्याची खात्री करा, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. टाकी भरा, निपल उघडा आणि ऑइल स्वतःच्या वजनाने उतरू द्या. याला वेळ लागतो, लागू द्या. रिकामा कॅलिपर पेडल मारून भरायला गेलात की आतल्या मोठ्या हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि ते भिंतींना चिकटून बसतात. संथ धार सुरू झाली की निपल बंद करा आणि कॅलिपरला रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोका. यानंतर निपल उघडल्यावर पहिल्यांदा जे बुडबुडे येतात ते पाहिलेत की हातोडी का आणायची ते कळेल.

मग मदतनीस बसवा. निपलवरची पारदर्शक नळी आधी वर जाऊन मग खाली ऑइलच्या बाटलीत बुडलेली असू द्या. तुम्ही म्हणायचं "दाब". त्याने हळू, एकसारखं दाबायचं आणि "दाबलंय" म्हणायचं. तुम्ही निपल उघडायचं, पेडल खाली जाताच बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच म्हणायचं "सोड". शब्द आधी ठरवून घ्या; "हं" आणि "झालं" यांवर काम चालवलं की पेडल निपल उघडं असतानाच वर येतं आणि हवा परत आत ओढली जाते. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जात नाही, तिथे मास्टर सिलिंडरच्या आत गंज असतो. पेडल फरशीपर्यंत नेलं की सील त्यावरून घासून फाटतो.

चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच पाळा. सगळ्यात लांबचं चाक आधी हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. एका कॅलिपरची दोन्ही निपलं झाली की पुन्हा पहिल्यावर या. काही वेळ थांबा, हातोडीने ठोका, आणि आणखी एक फेरी करा. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहा. ती एकदा रिकामी झाली तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरते आणि ती काढायला स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

निपलला लावायच्या हातपंपाला माझा विरोध आहे. तो निपलच्या आट्यांमधूनही हवा खेचतो, नळीत बुडबुडे संपतच नाहीत, आणि काम झालं की नाही ते कळत नाही. एकट्याने करायचं असेल तर टाकीवर बसणारा प्रेशर ब्लीडर (दाबाने ऑइल ढकलणारा पंप) घ्या आणि दाब एक बारच्या वर नेऊ नका.

पेडल काय सांगतं

इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा मारा, बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपू द्या, मग दाबा. पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. दोनतीनदा मारल्यावर वर येत असेल तर आत हवा आहे, किंवा डोलणारी डिस्क पॅड मागे ढकलते आहे. पाय तसाच दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा सील गेला आहे. गाडी हलवू नका. घट्ट आहे पण लांब जातं, तर पिस्टन मास्टर सिलिंडरला मोठे पडत आहेत. इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली बसतं ते बूस्टरमुळे. ती हवा नव्हे, त्यासाठी परत ऑइल काढत बसू नका.

पॅड बसवणं

पहिल्या काही मीटरला चालण्याच्या वेगात ब्रेक मारून पाहा. मग पॅड डिस्कवर रुळवण्यासाठी पॅड बनवणाऱ्याची पद्धत पाळा. ती दिलेली नसेल तर रिकाम्या, कायद्याने परवानगी असलेल्या जागी ताशी १०० किमीवरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण एबीएस न लागेल असा ब्रेक मारा, मध्ये पूर्ण थांबू नका. नंतर ब्रेकला हात न लावता दहा मिनिटं गाडी चालवून सगळं निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिथेच उमटतो. पहिल्या १०० किमीनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि बँजोच्या खाली कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा.