ऑनलाइन कोर्स सुरू करायच्या आधी एकदा पोरांच्या बाजूनं उघडून बघा

कॉलेजं सुरू व्हायला आलीत, आणि सांगलीकडं बऱ्याच सर-मॅडमनी गूगल क्लासरूम नाहीतर मूडलवर (दोन्ही ऑनलाइन वर्ग चालवायची सोय) मटेरियल टाकून ठेवलंय. पण टाकलं म्हणजे झालं असं नसतंय. आपण बघतो लॅपटॉपवर, कॉलेजच्या वायफायवर, आपल्याच आयडीनं, आणि जत-आटपाडीकडचं पोरगं बघणार साध्या फोनवर, रोजचा डेटा जपत.

म्हणून पहिलं काम, एक वेगळं जीमेल काढा आणि क्लास कोड टाकून स्वतःच्याच क्लासमध्ये विद्यार्थी म्हणून जॉइन व्हा. मूडलला 'स्विच रोल' असतंय, म्हणजे आपल्याच आयडीनं विद्यार्थी म्हणून बघता येतं, पण तिथंही स्टुडंटचं टेस्ट अकाउंट मिळालं तर जास्त बरं. मग फोनचं वायफाय बंद करून एकेक लिंक दाबत जा, एकही सोडू नका.

जास्त घोळ परवानग्यांचा होतो. क्लासरूमला ड्राइव्हवरनं जोडलेली फाइल पोरांना दिसते, पण त्या फाइलच्या आत तुम्ही दुसऱ्या फाइलची लिंक दिली असेल तर तिथं 'अ‍ॅक्सेस मागा' येतं. ती वेगळी शेअर करावी लागते, आणि व्ह्यूअर म्हणूनच, एडिटर नको. यूट्यूबचा व्हिडिओ प्रायव्हेट असेल तर अनलिस्टेड करा, म्हणजे लिंक असलेल्याला उघडतो. गूगल फॉर्म कॉलेजच्या आयडीवरनं केला असेल तर तो फक्त संस्थेच्या लोकांपुरता बंद नाही ना ते बघा, साध्या जीमेलवाल्याला उघडतच नाही. मागच्या वर्षीचा क्लास कॉपी केलाय? मग सगळं ड्राफ्टमध्ये असणार, पोरांना काहीच दिसत नाही.

आता मराठीच्या नोट्स, हे नीट वाचा. श्रीलिपी नाहीतर कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर दिसायला ठीक, पण त्यात शब्द शोधता येत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, फोन वाचून दाखवतो त्यावर अभ्यास करायचाय, त्याला ती फाइल काहीच कामाची नाही. त्याचाही तो कोर्स आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत बदला, आणि बदलल्यावर प्रत्येक पान डोळ्यांखालनं घाला, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. वेळ जातो, पण ह्याला पर्याय नाही.

स्कॅन केलेलं आख्खं पुस्तक एका फाइलमध्ये नको, युनिटप्रमाणे तुकडे करा.

क्विझ स्वतः पूर्ण सोडवा, मुद्दाम दोन उत्तरं चुकवून, मार्क बरोबर पडतात का ते कळतं. उत्तर टाइप करायचं असेल तर मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा दोन्ही उत्तरसूचीत घाला, नाहीतर बरोबर उत्तराला शून्य मिळतं आणि पोरगं गप्प बसतं. मार्क लगेच दाखवू नका, पहिल्यानं सोडवलं की उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात.

तारखा बघताना कॅलेंडर शेजारी ठेवा, गणपतीत डेडलाइन येते का, आणि पावसाळ्यातल्या सबमिशनला उशिराची सोय ठेवाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं, तेव्हा लाइट आणि नेटची काय गत होते ते आपल्याला माहिती आहे. रात्री १२ लिहू नका, तारीख कुठली धरायची ह्यात गोंधळ होतो, ११:५९ लिहा.

शेवटी मागच्या बॅचच्या एखाद्याला सगळं उघडायला द्या, आणि जिथं अडकेल तिथला स्क्रीनशॉट पाठव म्हणा.