चाळीस हजार घालवून कळलं : आधी ग्राफिक्स कार्ड, मग रेंडरिंगचं सॉफ्टवेअर

डिप्लोमा झाल्यावर मी सोलापुरातच घरून कामं घ्यायला लागलो. प्लॅन, एलेव्हेशन, अधूनमधून एखादं किचन. मग जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याचं काम आलं. मालक चादरीच्या धंद्यातले. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "कागद नको, फोटोसारखं दाखवा."

मी रेंडरिंगच्या, म्हणजे प्लॅनवरून फोटोसारखं चित्र बनवणाऱ्या, एका नामांकित सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवली. त्यातला नमुन्याचा दिवाणखाना उघडला, सोफा इकडचा तिकडे केला, सगळं लोण्यासारखं चाललं. पुढचामागचा विचार न करता वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात होता, पैसे मात्र वर्षाचे एकदम कापले. कर आणि डॉलरचा भाव धरून चाळीस हजारांच्या आसपास गेले. आईला मी वीसच सांगितले होते.

मग बंगल्याची फाईल उघडली. हिरवळ टाकली, झाडं टाकली, दगडी कंपाउंड टाकलं आणि सॉफ्टवेअर बंद पडलं. परत उघडलं, परत बंद. दुकानदार म्हणाला रॅम वाढवा. आठची सोळा केली, फरक शून्य. इथंच माझ्यासारखे बरेच फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लॅपटॉपची रॅम वेगळी आणि ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाची, स्वतःची मेमरी वेगळी. झटपट चित्र दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअरं सीनमधला पसारा कार्डाच्या मेमरीत बसवायला बघतात. माझ्या कार्डाची मेमरी ४ जीबी होती. आता हिशोब करा. टेक्स्चर म्हणजे वस्तूवर चिकटवायचं लाकडाचं, फरशीचं चित्र. फोरके टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) ६४ एमबी. एका लाकडाला किंवा फरशीला रंगाचं एक, चकाकीचं एक, खडबडीतपणाचं एक अशी तीन-चार चित्रं लागतात. म्हणजे सोळा-वीस मटेरियलमध्येच ४ जीबी संपतात. झाडं, गवत अजून आलेलंच नाही, विंडोज स्वतः थोडी मेमरी खातं ते वेगळंच. काही सॉफ्टवेअरं टेक्स्चर दाबून बसवतात, पण त्या भरवशावर राहू नका. आणि लॅपटॉपच्या कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, रॅमसारखी पट्टी बदलायची सोय तिथं नसते.

तेव्हा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) जा आणि 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' किती ते बघा. 'शेअर्ड'चा आकडा बघून खूश होऊ नका, ती तुमचीच रॅम आहे आणि कार्डाला ती फार हळू मिळते. चाचणीत कंपनीचा नमुना उघडू नका. स्वतःची सगळ्यात जड फाईल, झाडागवतासकट, उघडा. ती चालली तरच खिशात हात घाला.

घाबरू नका, माझं काम त्याच लॅपटॉपवर पूर्ण झालं. ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून मुक्तस्रोत आहे आणि धंद्याच्या कामालाही चालतं. त्याचं सायकल्स इंजिन (रेंडर करणारा भाग) कार्ड सोडून प्रोसेसरवरही रेंडर करतं, म्हणजे साधी रॅम वापरतं. वेगाला बैलगाडी, पण पोचवते. दूरच्या वस्तूंची टेक्स्चरं मी फोरकेवरून टूकेवर आणली, तिथं मेमरी चौथाईवर येते आणि डोळ्याला कळतही नाही. दर पिक्सेलमागचे सॅम्पल कमी ठेवले आणि चित्रातले दाणे पुसणारा डीनॉइझर लावला. मे महिना होता. लॅपटॉप फरशीच्या दोन सॅम्पलवर उचलून ठेवला, खालून टेबलफॅन लावला आणि रेंडर रात्रीच लावले. आपल्याकडच्या उन्हात दुपारी प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. मित्र मात्र 'सॉफ्टवेअर हळू आहे' म्हणून त्यालाच शिव्या देतात.

ब्लेंडर शिकायला त्रास होतो, खोटं कशाला बोलू? स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरची फाईल त्यात सरळ उघडत नाही, दुसऱ्या प्रकारात बदलून आणावी लागते. ज्यांचं कार्ड बरं आहे त्यांनी ट्विनमोशन हे झटपट चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर बघावं. वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरच्या आत असेल तर ते फुकट आहे, आणि आपण कुठं त्या आकड्याच्या जवळ आहोत! त्याच जातीच्या डी५ चीही फुकट आवृत्ती आहे. विद्यार्थी लायसन्सवर पैशाची कामं करू नका, त्याच्या अटींत ते बसत नाही.

"क्रॅक (चोरीची आवृत्ती) टाक की, सगळेच टाकतात," असं सांगणारे सर प्रत्येक ऑफिसात एक असतात. मीही एकदा टाकलं होतं. त्यानंतर पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब व्हायचे. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं आणि दोन कामांच्या फाईली गेल्या. ते सर फोन उचलेनात. त्यापेक्षा मला साइटवरच्या मिस्त्रींनी जास्त शिकवलं. ते म्हणाले, "सकाळी आठला या, ऊन कुठल्या भिंतीवर येतंय ते बघा." सॉफ्टवेअरात सोलापूरचं ठिकाण टाकायला मी त्यानंतरच लागलो. आपल्याकडे जूनमध्ये भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. ठिकाण परदेशातलं राहिलं तर सावली भलतीकडेच पडते.

रेंडर घेऊन गेलो तेव्हा मालकांनी तो बराच वेळ बघितला. मग बोट ठेवून विचारलं, "हे सुरूचं झाड कुठून आणलं? दारात आपला लिंब आहे." लायब्ररीतलं परदेशी झाड तसंच राहिलं होतं. त्या रात्री कडुलिंबाचं झाड घालून पुन्हा रेंडर लावला, सकाळी सहाला झाला.

पुढं जुनं डेस्कटॉप घेतलं, १२ जीबीच्या कार्डाचं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.